पाखरीसाठी लगाम

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी घोडी दाखल झाली. साक्षीदार म्हणून माझी पत्नी अंजना आणि कन्या श्रेया हजर होत्या. शेजारचे बाळासाहेबही होते, पण त्यांना कोणी बोलावले नव्हते. महसूल खात्यातून मंडळ अधिकारी, गावच्या भाषेत सर्कल, म्हणून निवृत्त होऊन दोन महिने झाले, तरी वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवण्याची सवय जात नाही. जाऊही नये.

घोडी तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, वय सात, नाव पाखरी. आंबेगाव तालुक्यातल्या सोपानकडून घेतली. बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे जी घोडी पळवतात, तिच्यावर बसण्यात सोपानची वीस वर्षे गेली. आता गुडघा गेला म्हणून घोडी विकली. जाताना तिच्या मानेला कपाळ लावून बराच वेळ उभा होता. अशा भावनाप्रधान लोकांमुळेच कामे रखडतात.

घोडी घेण्याचे कारण असे. चोवीस एप्रिलला गावची यात्रा. मिरवणुकीच्या पुढे घोड्यावर बसण्याचा मान यंदा मला मिळाला आहे. यात्रा कमिटीत ठराव मीच मांडला. कोणी काही बोलण्याआधी चहा आला, सबब ठराव एकमताने मंजूर झाला.

आणखी एक कारण आहे, ते फक्त इथे लिहितो. परवा नारायणगावच्या स्टँडवर एक तलाठी माझ्या अगदी समोरून गेला आणि मोबाईलमध्ये बघत राहिला. दोन महिन्यांपूर्वी हाच माझ्यासाठी गाडीचे दार उघडत असे. घोड्यावर बसलेल्या माणसाकडे मात्र मान वर करून बघावेच लागते.

पाखरीसोबत सोपानने जो लगाम दिला तो पाहून लाज वाटली. चामडे तीन ठिकाणी शिवलेले, आणि तोंडात जाणाऱ्या लोखंडी कडीला तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळलेली. एवढ्या देखण्या घोडीच्या तोंडात चिंधी. सोपान म्हणाला, "सायेब, तोंडाला लई हलकी हाय ती. हात सैल सोडा, बाकी तिला समदं कळतं."

तोंडाला हलकी म्हणजे खाणे कमी असावे. चांगली बाब आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिली स्वारी. मला अनुभव आहे. १९९८ साली माथेरानला सहकुटुंब गेलो असता मी तासभर घोड्यावर बसलो होतो. घोडेवाला पुढे चालत होता हे खरे, पण बसलो मीच होतो.

गोठ्यापासून विहिरीपर्यंत पाखरी व्यवस्थित गेली. विहिरीजवळ मी लगाम घट्ट आवळून धरला, कारण जनावराला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे की वर कोण आहे. तिने मान झटकली. मी आणखी आवळला. तिने आणखी झटकली. असे अकरा वेळा झाले. शेवटी मी स्वतःच्या इच्छेने खाली उतरलो. उतरताना तोल गेला, कारण जमीन उताराची आहे.

निष्कर्ष: कसूर लगामाचा. नवा घेणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लग्नातल्या घोड्यांचे सामान विकणारे एक दुकान गाठून लगाम आणला. लाल मखमल, आरसे, जरीची फुले, गालावरून लोंबणारे गोंडे आणि चाळीस घुंगरे. दुकानदाराने विचारले, नवरदेव कोण. मी सांगितले, लग्न नाही, यात्रा आहे आणि बसणार मी आहे. तो म्हणाला की मापाचा फेटाही मिळेल.

घरी आणून घातला. पाखरीने एक पाऊल टाकले, घुंगरे वाजली. ती थांबली. पुन्हा एक टाकले, पुन्हा वाजली. मग तिने असा निर्णय घेतला की आवाज तोंडाजवळून येतो आहे, तर तोंडापासून लांब जावे. म्हणजे ती मागे चालू लागली. मी लगाम ओढला, तशी आणखी वेगाने मागे गेली. बांध ओलांडून आम्ही दोघे बाळासाहेबांच्या कांद्यात पोहोचलो.

बाळासाहेब पाणी भरत होते. त्यांनी फावडे टेकवले आणि शांतपणे विचारले, "सर्कल, ही घोडी फुडं जायाची हाय का रिव्हर्सचीच घेतली?"

मी म्हणालो, जनावराला सर्व दिशांचा सराव हवा. त्यांना पटलेले दिसले. ते मान खाली घालून बराच वेळ खांदे हलवत होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

श्रेयाबद्दल. अवसरी खुर्दच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन तिला दोन वर्षे झाली. पुढचे मी ठरवून दिले आहे: स्पर्धा परीक्षा, मग नायब तहसीलदार. वेळापत्रक मी स्वतः आखून तिच्या खोलीत लावले. पहाटे साडेपाचला ती स्कूटी घेऊन नारायणगावच्या अभ्यासिकेत जाते, नऊला परत येते. मी सातला उठतो, त्यामुळे जाताना दिसत नाही, पण टेबलावर पुस्तके नसतात म्हणजे गेलेली असते.

आज जेवताना म्हणाली, "बाबा, पाखरीवर मी एकदा बसून बघू का? तुमच्या हाताला ती घाबरतेय असं वाटतं."

मी सांगितले की घोडी म्हणजे स्कूटी नव्हे. शिवाय हाडे मोडली तर परीक्षेचे काय, आणि उद्या स्थळ आले तर काय सांगायचे. घाबरण्याचे म्हणशील तर थोडे घाबरलेलेच बरे असते. माझ्या कार्यालयात सगळे वेळेवर येत, ते काही माझ्यावर माया होती म्हणून नव्हे.

मुलगी समजूतदार आहे. विषय पुन्हा काढला नाही.

४ मार्च, मंगळवार

ऑनलाईन मागवलेला विलायती पद्धतीचा लगाम आला. चकचकीत काळे चामडे, नऊ पट्टे, सात बकले. सोबतच्या चित्रात घोड्याच्या पाठीवर एक बाई पांढऱ्या पँटमध्ये हसत बसलेली आहे. पट्टे एकमेकांना कसे जोडायचे हे मात्र चित्रात कुठेच नाही. मी दोन तास प्रयत्न केला. मग अंजनाने मुकाट्याने हातात घेतला आणि भाजी निवडता निवडता जोडून दिला. एक पट्टा उरला. तो कंपनीने जादा पाठवला असावा.

घातल्यावर लक्षात आले की हा हत्तीएवढ्या घोड्यांसाठी बनवलेला आहे. पाखरीच्या कपाळावरचा पट्टा तिच्या डोळ्यांवर आला आणि कडी हनुवटीखाली लोंबू लागली. ती हलली नाही. अशी पाऊण तास शांत उभी राहिली. मी तिच्यावर बसून होतो. रस्त्याने जाणाऱ्या तिघांनी पाहिले. लांबून ती स्वारीच दिसली असणार.

आणखी एक गंभीर बाब. गेल्या आठवड्यापासून सकाळी मी गोठ्यात जातो तेव्हा पाखरीच्या पाठीवर घाम वाळलेला असतो, आणि पाय गुडघ्यांपर्यंत ओल्या मातीने भरलेले. हे बांधलेल्या जनावराला कसे होईल? मी विचार केला आणि उत्तर सापडले. बिबट्या. पहाटे गोठ्याभोवती फिरत असणार, आणि ही भीतीने जागेवर नाचत असणार. अंजनाला सांगितले. ती म्हणाली, "असंल बाई," आणि दूध उतू जाईल म्हणून घाईने आत गेली. दूध तर सकाळीच तापवले होते.

वनखात्याला पिंजरा लावण्याबाबत अर्ज दिला. प्रत ठेवली आहे.

११ मार्च, मंगळवार

वनरक्षक येऊन पाहणी करून गेला. तरुण आहे, अनुभव कमी. सगळीकडे वाकून पाहिले आणि म्हणाला, "सायेब, बिबट्याचा एक बी ठसा न्हाई. घोडीच्या टापा हायत, कालव्याकडं जानाऱ्या आन् येनाऱ्या. आन् हे बारक्या बुटाचे ठसे हायत."

मी म्हणालो, बूट माझेच असतील. त्याने माझ्या पायांकडे पाहिले. मग ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या श्रेयाच्या पायांकडे पाहिले. मग म्हणाला की बिबट्या येऊन गेलाही असेल, सांगता येत नाही.

शेवटी मत बदलले, हे चांगले झाले.

२१ मार्च, शुक्रवार

अश्वप्रेमी मंडळाच्या ग्रुपवर एका जाणकाराने सांगितले की मान झटकणाऱ्या घोडीला एकच इलाज, काट्याची कडी. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला आतून दाते असतात. ओढले नाही तर काही होत नाही, ओढले की जनावराला समजते. त्याने स्वतःच कुरिअरने पाठवली.

आज संध्याकाळी लावली. विहिरीजवळ नेहमीप्रमाणे तिने मान झटकली. मी ओढले. पाखरी जागच्या जागी थांबली. डावीकडे ओढले, डावीकडे. उजवीकडे ओढले, उजवीकडे. कान मागे चिकटवून, मान वाकवून, अगदी माझ्या कार्यालयातला शिपाई वाटावा अशी. रस्त्याला दोन फेऱ्या मारल्या. बाळासाहेब बघत होते आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

अखेर शिस्त.

२२ मार्च, शनिवार

पाखरीने सकाळपासून चारा खाल्ला नाही. ऊन वाढले आहे.

२३ मार्च, रविवार

आजही खाल्ले नाही. पाण्यात तोंड घातले आणि लगेच काढले. पाणी तांबडे झाले होते.

मी उन्हाचे म्हणत होतो, पण अंजनाने मला न विचारता जनावरांच्या डॉक्टर जया मॅडमना बोलावले. त्यांनी पाखरीची जीभ बाजूला धरून तोंडात उजेड पाडला. माझ्याकडे न बघता मला बॅटरी धरायला लावली. जिभेला एक लांब चीर होती. दात नसलेल्या हिरडीवर, जिथे कडी बसते, दोन्ही बाजूंना भोके.

कोणता लगाम लावला होता, असे त्यांनी विचारले. मी चारही आणून ओट्यावर क्रमाने मांडले. त्यांनी काट्याची कडी उचलली आणि मला खुर्चीवर बसून पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितला. मग ती कडी माझ्या नडगीवर ठेवली, दोन्ही वाद्या हातात घेतल्या आणि विचारले, "तुम्ही किती जोरात ओढता?"

मी म्हणालो, बेताने.

त्यांनी बेताने ओढले.

मी ओरडलो असे अंजना म्हणते. माझ्या मते मी हरकत नोंदवली.

"तिच्या हिरडीवर तुमच्या नडगीएवढंही मांस नसतं," मॅडम म्हणाल्या. मग सोपानचा तो चिंधीवाला लगाम हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा ज्यानं बनवला त्याला घोडी कळत होती. तुम्ही लगाम कितीही बदला, दोष लगामात नाही. तुमच्या हातात आहे."

तीन आठवडे तोंडात लोखंड घालायचे नाही. गुळाचे पाणी, मऊ भुसा, आणि रोज मिठाच्या पाण्याने तोंड धुणे.

श्रेया दारात उभी होती. मी म्हणालो, यात्रा महिन्यावर आली आहे, आता कसे करायचे. ती मिठाचे पाणी करायला गेली.

नडगीवर दोन टिपके उमटले आहेत. लिहिताना हात सारखा तिकडे जातो.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. काट्याची कडी गोठ्यातून गहाळ. अंजनाला विचारले, ती म्हणाली विहिरीत बघा. विहिरीत साठ फूट पाणी आहे. चौकशी तूर्त स्थगित.

आठवडाभर घरात माझ्याशी कामापुरतेच बोलले जात आहे. पाखरी आता भुसा खाते. मी गोठ्यात गेलो की खाणे थांबवते.

७ एप्रिल, सोमवार

आज पहाटे नडगी ठणकून जाग आली, पुन्हा झोप लागेना. पाचच्या सुमारास मागचे दार वाजले. बिबट्या असेल म्हणून काठी घेऊन बाहेर आलो. गोठ्याचे दार उघडे, पाखरी नाही. श्रेयाची स्कूटी चिंचेखाली तशीच उभी, डिकीवर पुस्तकांची पिशवी.

कालव्याच्या रस्त्याने निघालो. उजाडत होते. खोडदकडच्या रेडिओ दुर्बिणींच्या पांढऱ्या तबकड्या नेहमीसारख्या आभाळाकडे तोंड करून होत्या. उसाच्या कडेला पोहोचलो तेव्हा टापा ऐकू आल्या.

पाखरीच्या तोंडात काही नव्हते. डोक्यावरून घातलेली नुसती सुती म्होरकी, आणि तिला दोन्ही बाजूंनी बांधलेला दोर. पाठीवर खोगीरही नाही, घडी घातलेली गोधडी. आमच्या अंथरुणातलीच होती. वर श्रेया. दोर इतका सैल की मधोमध झोल पडलेला. चौखूर पळत आली, वळणाच्या अलीकडे श्रेयाने फक्त मान वळवून तिकडे पाहिले, आणि घोडी वळली. ओढले नाही. आवाज नाही. कान पुढे. ही घोडी कान पुढे करून पळते हे मला आज दोन महिन्यांनी कळले.

आधी राग आला, हे नमूद करतो. अभ्यासिका, वेळापत्रक, वनखात्याचा अर्ज, सगळे डोळ्यांपुढून गेले. हाक मारायला तोंड उघडले. तेवढ्यात ती परत आली. श्रेया हसत होती. कोणाकडे बघून नव्हे, आपली आपणच. मी हाक मारली असती तर ते हसू गेले असते एवढे मला कळत होते. मारली नाही. उसात दोन पावले आत सरकलो.

त्या दोघींच्या आधी घरी पोहोचलो आणि अंथरुणात शिरलो. अंजना कूस न बदलता म्हणाली, "पायाला चिखल लागलाय तुमच्या."

तिला सगळे माहीत होते. पहिल्या दिवसापासून.

८ एप्रिल, मंगळवार

नऊ वाजता श्रेया पुस्तके घेऊन आली. मी विचारले, अभ्यास कसा झाला. म्हणाली, चांगला. कोणता विषय, विचारले. म्हणाली, भूगोल.

खोटे म्हणता येणार नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सोपान आला. बाजारात त्याच्या कानावर गेले होते. मला नमस्कार न करता सरळ गोठ्यात गेला, अंगठ्याने पाखरीचा ओठ वर करून पाहिले आणि तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसला. जखमा भरल्या आहेत, मॅडमनी कालच पाहिले. पण व्रण दिसतात.

"सायेब, मी तुमाला जनावर इकलं व्हतं," तो म्हणाला. "जीभ कापायचं लायसन न्हवतं दिलं." यात्रा झाली की घोडी परत न्यायला येतो, असेही म्हणाला. माझ्याकडे उत्तर होते. खरेदी रीतसर आहे, कागद आहेत. मी ते दिले नाही.

तेवढ्यात बाळासाहेब आले. यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, त्यांचा गाडा पळायचा आहे आणि त्यांची घोडी लंगडते आहे. पाखरी मिळेल का, असे त्यांनी मला विचारायला हवे होते. त्यांनी सोपानला विचारले. सोपान म्हणाला, घोडी पळेल, पण वर श्रेयाताई हवी. त्याने तिला कालव्यावर पाहिले होते. बाळासाहेबांनीही पाहिले होते. दूध गोळा करणाऱ्या गाडीवाल्याने पाहिले होते. एवढ्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट माझ्या घरातली होती.

मी श्रेयाला हाक मारली. सगळ्यांसमोर विचारले, किती दिवस चालले आहे हे.

"तुम्ही नाही म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

आणि अभ्यासिका?

तिने हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "परीक्षेचा फॉर्मच भरला नाही मी, बाबा. चाकणच्या कंपनीत निवड झालीय. दहा मेला हजर व्हायचंय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला काही सांगितलं की तुम्ही आधी ओढून धरता. ऐकता नंतर. तोवर सांगणाऱ्याचं तोंड दुखायला लागतं."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आले असते. ती बादली उचलून पाखरीला पाणी दाखवायला गेली. बाळासाहेब माझ्याकडे न बघता बांधाकडे चालू लागले.

यात्रेला गाड्यापुढे बसायचे तर बस, असे मी तिला संध्याकाळी सांगितले. ती म्हणाली, "बसणारच होते." मग दारातून मागे वळून, "पण बरं वाटलं."

१७ एप्रिल, गुरुवार

मिरवणुकीला लगाम लागणारच. जया मॅडमनी सांगितले की बिनकडीचा असतो. नाकावर आणि गालावर बसतो, तोंडात काही जात नाही. मंचरला भिका नावाचा चामड्याचे काम करणारा आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, माप आणा, अंदाजाने करणार नाही.

मी आयुष्यभर जमिनी मोजून घेतल्या. घोडीचे तोंड मोजायला सकाळचे तीन तास लागले. टेप घेऊन जवळ गेलो की ती मान वर करायची. मी थांबायचो. ती मान खाली आणायची, मी अर्धे पाऊल पुढे. असे करत करत बारा वाजता नाकाच्या हाडाचे माप मिळाले. एकतीस सेंटीमीटर. गाल, कपाळ, हनुवटी अंजनाने घेतली, मी लिहून घेतली. अंजनाला तिने पाच मिनिटांत घेऊ दिली.

भिकाने रंग विचारला, गोंडे लावू का म्हणाला. मी म्हणालो, घोडीला आवडेल तो रंग. बोलून गेल्यावर विचित्र वाटले. त्यालाही वाटले असावे.

२४ एप्रिल, गुरुवार

यात्रा. सविस्तर लिहितो.

सकाळी आठला मिरवणूक. मी फेटा बांधून, पांढरा सदरा घालून वेशीजवळ गेलो. श्रेयाने पाखरीला भिकाचा नवा लगाम घालून आणले होते. साधे तपकिरी चामडे, एकही बकल जास्त नाही. पाखरीच्या तोंडावर तो असा बसला होता की आहे की नाही कळू नये. ढोलताशा थांबला. कमिटीने नारळ फोडला. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. हेच मला हवे होते.

मी डावा हात पाखरीच्या तोंडाकडे नेला. तिने मान वर केली, डोळ्यांतले पांढरे दिसले, आणि ती मागे सरकली. मी पुन्हा पुढे झालो. ती पुन्हा मागे. श्रेयाने तिच्या मानेवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. घोडी थांबली, पण तिचे सगळे अंग थरथरत होते. माझा हात तिच्यापासून वीतभर लांब होता.

बसता आले असते. श्रेयाने धरले असते, कमिटीतल्या दोघांनी मला वर चढवले असते, आणि मिरवणूक निघाली असती.

मी हात खाली घेतला. कमिटीला सांगितले, चला, मी चालत येतो. कोणी हसले नाही. बाळासाहेबांनी माझ्यासाठी पालखीमागे जागा केली. ते हसले असते तर मला सोपे गेले असते. देवळापर्यंत मी लोकांच्या मधून चाललो. मला वाटले होते सगळे माझ्याकडेच बघत असतील. मिरवणुकीत लोक देवाकडे बघतात, हे घोड्यावरून कळले नसते.

दुपारी घाटात बैलगाडे. माणूस मावत नव्हता. एकेक गाडा सुटत होता, भिर्रर्र करत लोक धावत होते, भंडारा उडत होता. बाळासाहेबांची बारी चौतिसावी. मी दोराच्या बाहेर प्रेक्षकांत उभा राहणार होतो, पण श्रेयाने मला आत बोलावले. सुटण्याआधी घोडीला कोणीतरी धरावे लागते. सोपानचा गुडघा त्या गर्दीत टिकला नसता आणि बाळासाहेब बैलांपाशी होते.

तिने दोर माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाबा, नुसतं उभं राहा. ओढू नका."

मी उभा राहिलो. मागे चार बैल फुरफुरत होते, आठ-दहा माणसे त्यांना लोंबकळली होती, निवेदक कर्ण्यातून ओरडत होता. पाखरी थरथरत होती. मला वाटले, आता ही उधळणार, आणि हात आपोआप आवळायला निघाला. चौतीस वर्षांच्या नोकरीचा हात आहे. मी तो उघडा ठेवला. दोर तळहातावर नुसता पडून होता. ती गेली असती तर मी काही करू शकलो नसतो. ती गेली नाही.

श्रेयाने मान हलवली. मी बाजूला झालो, आणि त्या दोघी गेल्या.

बारा सेकंदांहून कमी वेळ लागला. मला एवढेच दिसले की श्रेया पुढे वाकलेली होती, दोन्ही हात घोडीच्या मानेवर, आणि बैल तिच्या मागे धूळ उडवत चढत होते. वर पोहोचल्यावर निवेदक म्हणाला, घोडीवर श्रेया, घोडीवर श्रेया, टाळ्या झाल्या पाहिजेत. श्रेया अमृतराव, असे माझे नाव जोडून म्हणाला नाही. माझ्या शेजारच्या पाहुण्याने विचारले, कोणाची पोर हो ही. मी घाटाच्या टोकाकडे बोट दाखवले आणि म्हणालो, तिचे नाव श्रेया. 

बाळासाहेबांचा गाडा दुसऱ्या नंबरात बसला.

श्रेया घोडीला चालवत खाली आली. तिच्याभोवती बायका-मुलींचा घोळका झाला, कोणी फोटो काढत होते, कोणी हात हातात घेत होते. तिने गर्दीतूनच दोर माझ्याकडे दिला आणि पाणी प्यायला गेली. सोपान लंगडत आला. पाखरीचा ओठ उचलून पाहिला, मग माझ्या हातातल्या दोराकडे पाहिले.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," तो म्हणाला. "पर दर हप्त्याला येऊन बगनार मी."

मी म्हणालो, जरूर या. जेवायलाच या.

तो गेल्यावर आम्ही दोघेच राहिलो, मी आणि पाखरी. मी हात लांब केला नाही. तिने माझ्या फेट्याचा वास घेतला, शिंकली आणि तोंड फिरवले. घामाने भिजली होती. पुसायला हवी होती, पण हात लावायचा का ते कळेना, म्हणून तसाच उभा होतो.

मागून आरोळी आली, "ओ काका, घोडी बाजूला घ्या, फुडचा गाडा येतोय."

मला रस्त्यातून बाजूला हो असे इतक्या वर्षांत कोणी म्हटलेले नाही. मी बाजूला झालो. पाखरीही आली. दोर ओढावा लागला नाही.